दुखणं घालवा, मला नको

बसस्टँडवर माझ्या नणंदेला सगळे भोंगा म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. काचेच्या एवढ्याशा खोलीत माइकसमोर बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं. गाडीला उशीर असला की बाकीचे लोक गोड बोलून वेळ मारून न्यायचे. या सरळ सांगायच्या, "गाडी वाटेत बंद पडली आहे, थांबून उपयोग नाही." साहेबांनी त्यावरून बोलावून झापलं, तर साहेबांनाच म्हणाल्या, "मग तुम्ही बसा माइकवर, लोकांच्या शिव्या मी तुमच्या खुर्चीत बसून ऐकते."

नवरा लवकर गेला. पोरगा लहान, घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून तो शाळेतून थेट त्या काचेच्या खोलीत यायचा आणि स्टुलाखाली बसून अभ्यास करायचा. एकदा माइक बंद करायचा राहून गेला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं, "नाक रुमालाने पूस, बाही काय त्यासाठी आहे?" फलाटावरच्या बऱ्याच लोकांनी म्हणे हात नाकाकडे नेले.

मी त्यांना वन्सं म्हणते. माझ्याहून मोठ्या. नोकरी संपली, आवाज काही संपला नाही. खोलीतल्या खोलीत पाणी मागितलं तरी शेजारच्या बाई दार उघडून बघायच्या.

मग पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि एक दिवस डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा समजायचं काय ते. आता रोगावर करण्यासारखं काही नाही, म्हणाले. दुखण्यावर मात्र आहे.

त्या दवाखान्यात त्यांना दुखू नये म्हणून इतकं औषध दिलं की दोन-तीन दिवस त्या नुसत्या पडून होत्या. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मी हाक मारली तर मान हलायची नाही. मला तर वाटलं आटोपलं सगळं. जाग आली तेव्हा पहिलं पाणी मागितलं आणि दुसरं हे म्हणाल्या, "दुखणं घालवा, मला घालवू नका. जाईन तेव्हा जाईन. तोवर मी इथे आहे, मला इथे राहू द्या."

हे एवढंच मागणं होतं त्यांचं. दुखू नये, आणि तोंड चालू राहावं.

पण त्यांच्या मुलाचं मागणं वेगळं होतं. हा माझा भाचा इमारतींमधल्या लिफ्ट तपासतो. सरकारी नोकरी. कुठे दोर झिजलाय, कुठे दार नीट लागत नाही, ते शोधायचं आणि लिफ्ट बंद करायची. त्यामुळे कुठेही गेला की आधी खोट शोधतो. लग्न झालं नाही ते बरंच, मुलगी बघायला गेला असता तर वाकून तिचे सांधे तपासले असते. तर त्या दवाखान्यातून आईला घरी आणलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरीच असं दुखलं की वन्संनी उशीची खोळ दातांनी फाडली. मी त्यांना धरून बसले होते. हा स्वयंपाकघरात जाऊन कान झाकून उभा. नंतर मला म्हणाला, "मामी, मला तो आवाज परत ऐकायचा नाही. झोपवून ठेवलं तर ठेवू दे."

"आणि तिला काय हवंय ते?"

"तिला काय हवंय ते मी आत्ताच ऐकलं."

त्याचंही चूक नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवते. तो आवाज मीही ऐकला होता.

घरी हे झेपणार नाही हे तर दिसतच होतं. शेवटच्या दिवसांत सांभाळणारी घरं असतात, हॉस्पिस म्हणतात त्यांना. बरं करायचं नाही, नीट जाऊ द्यायचं, असं त्यांचं काम. वन्सं म्हणाल्या, मी स्वतः बघितल्याशिवाय कुठे जाणार नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही त्यांना घेऊन निघालो.

पहिलं ठिकाण मोठं होतं. काचेसारखी फरशी, प्रत्येक खाटेशी घंटेची दोरी, बाहेर पडायला दोन जिने. भाच्याने दोऱ्या ओढून बघितल्या, खाटेची चाकं हलवून बघितली, आणि त्याचा चेहरा खुलला. खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. इतकं स्वच्छ तर माझं ताटही नसतं. व्यवस्थापक तरुण होते, कोट घातलेले. "आमच्याकडे एकाही पेशंटची तक्रार नाही," म्हणाले.

वन्सं खुर्चीतून प्रत्येक खाटेवरच्या माणसाला मोठ्यांदा "कसं काय?" म्हणत होत्या. एकानेही उत्तर दिलं नाही. सगळे झोपलेले.

"सगळे झोपलेत?" त्यांनी विचारलं.

"दुपारची वेळ आहे, आजी."

"माझ्याकडेही दुपारच आहे. मी जागी आहे."

व्यवस्थापक हसले आणि माझ्या भाच्याला म्हणाले, "आई फार उत्साही आहेत तुमच्या. आम्ही पेशंटला आरामात ठेवतो. घरच्यांना बघवत नाही ना."

"आणि एखाद्याला बोलायचं असलं तर?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही काळजी करू नका," ते पुन्हा भाच्यालाच म्हणाले.

"अहो, प्रश्न खुर्चीतून आलाय. उत्तर पण खुर्चीत द्या."

त्या झोपलेल्या माणसांना खरंच तेवढी झोप हवी असेल. मी काही डॉक्टर नाही. पण वन्संनी बाहेर आल्यावर माझा हात घट्ट धरला, आणि त्यांचे हात गार पडले होते. त्यांना कशाचीही भीती वाटलेली मी त्याआधी बघितली नव्हती.

दुसरं ठिकाण एका बोळाच्या टोकाला. बैठं घर, दाराचा रंग उडालेला. आत शिरतो तर कोणीतरी पत्त्यांचा डाव हरला म्हणून ओरडत होतं आणि दुसरं कोणीतरी खोकत खोकत हसत होतं. साबणाचा आणि फोडणीचा वास एकत्र. भाचा दारातच थबकला. त्याला पायरी उखडलेली दिसली होती.

तिथल्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. अंगानेही मोठ्या, पायात सपाता. त्या आल्या, बाकीच्यांकडे न बघता एक स्टूल ओढून वन्संच्या समोर बसल्या आणि विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. वन्संनी ते आपलं वाक्य सांगितलं. दुखणं घालवा, मला नको.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बरंचसं घालवू. पूर्ण घालवू असं सांगणार नाही. औषध रोजच्या वेळेला देतो, आणि मध्येच उसळलं तर त्याच्यासाठी वेगळं देतो. दुखायचं थांबतं आणि माणूस जागा राहतो, असं बऱ्याच वेळा जमतं. शेवटी शेवटी कधीकधी दोन्ही जमत नाही. तेव्हा तुम्हाला विचारू, काय हवं ते."

"विचारायला वेळच नसला तर?" भाचा म्हणाला.

"म्हणून तर आत्ता विचारलं."

"मध्येच दुखलं तर माणूस कधी येतो?"

"लगेच."

"लगेच म्हणजे?"

"लगेच म्हणजे लगेच."

परत येताना गाडीत भाचा धुसफुसत होता. "लगेच! लिफ्टवाले पण लगेच म्हणतात. आत अडकलेल्याला विचारा लगेच म्हणजे काय ते."

"मी इथेच येणार," वन्सं म्हणाल्या.

"आई, पायरी उखडली आहे त्यांची."

"मी कुठे चालत येणार आहे?"

बरीच बाचाबाची झाली. शेवटी भाच्याने अट घातली. "एक चूक, आई. त्यांची एक चूक झाली की मी तुला त्या मोठ्या ठिकाणी हलवणार. आणि मग तू भोंगा वाजवायचा नाहीस."

वन्सं म्हणाल्या, "ठीक." मला त्यांनी नंतर हळूच सांगितलं, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, "वहिनी, चूक होणारच गं. माणसं आहेत ती. मला तिकडे जायचं नाही." भाच्याने मोठ्या ठिकाणी खाट धरून ठेवायला सांगितलं होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पहिले काही दिवस चांगले गेले. बेताचं औषध लागू पडलं. वन्संच्या चेहऱ्यावरची आठी गेली आणि आवाज परत आला. पत्त्यांच्या डावात तोंड घालू लागल्या, दुसऱ्याचे पत्ते मोठ्याने वाचायच्या म्हणून शिव्याही खाल्ल्या. मी रोज जाऊन बसायचे. भाचाही रोज यायचा, पण बसायचा नाही. घंटेची दोरी ओढ, पलंगाखाली वाक, आईची पाठ बघ, कुठे लाल झालीय का. सिस्टर लोक त्याला बघून भिंतीला लागून चालायच्या. मलाही त्या घरात शिरताना भीती वाटायची. दुखण्याची नव्हे, चुकीची. आज तर काही झालं नसेल ना?

तिथे एक नवी सिस्टर होती. कामाला चांगली, पण बोलायची इतकी हळू की ऐकायला वाकावं लागे. वन्सं तिला म्हणायच्या, "मोठ्याने बोल गं, अजून इथले सगळे गेलेले नाहीत."

एका दुपारी भाचा माझ्याकडे जेवायला आला होता. पहिला घास तोंडात असताना फोन वाजला. त्याने कानाला लावला आणि त्याचा चेहराच बदलला. मी फक्त त्याचं बोलणं ऐकत होते.

"काय? ... कधी?"

मग, "त्रास झाला का?"

मग बराच वेळ काही नाही. मग, "बरं. येतो."

फोन त्याने ताटाशेजारी ठेवला, उलटा. "मामी, आई शांत झाली."

तो म्हणाला, "आत्ताच, सिस्टर म्हणाली. मी विचारलं त्रास झाला का, तर म्हणाली, हो, बराच झाला, पण मग शांत झाल्या. घाई करू नका, सावकाश या, म्हणाली."

गॅस बंद केला की नाही ते मला आजही आठवत नाही. एक मात्र केलं. वन्संनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की मला नेताना ती निळी शाल पांघरा, आयुष्यभर चांगल्या दिवसासाठी म्हणून ठेवली आणि तो दिवस काही आला नाही. ती शाल मी कपाटातून काढली आणि पिशवीत घातली.

गाडीत भाचा एकच वाक्य बोलत होता. "बराच झाला म्हणाली, मामी. बराच झाला." एका चौकात मागची गाडी भोंगा वाजवत राहिली तेव्हा तो काच खाली करून किंचाळला, मग स्वतःच दचकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गेल्या, त्या दुखत दुखत गेल्या, आणि आम्ही भात वाढून घेत होतो.

बोळात गाडी कशीबशी लावली. आत पत्त्यांचा आवाज नव्हता. कोपऱ्यातल्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर तीन-चार माणसं डोळे पुसत उभी होती. ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरची माणसं होती, दुसरं दुःख. पण तेव्हा मला वाटलं की ते आमच्यासाठीच उभे आहेत.

वन्संच्या खोलीच्या दारापाशी भाचा थांबला. "मामी, तुम्ही जा आधी."

मी पडदा सरकवला, आणि आतून आवाज आला, "हा चहा आहे की कप धुतलेलं पाणी आहे?"

माझ्या मागे धप्पकन आवाज झाला. भाचा फरशीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून, एखाद्या मुलासारखे पाय पसरून.

वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले, पण डोळे जागे. मला बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पिशवीतून बाहेर आलेलं निळं टोक दिसलं. बाई हुशार. एका क्षणात कळलं त्यांना.

"अगं," त्या म्हणाल्या, "इतक्यात?"

मी रडले की हसले ते मला सांगता येत नाही, दोन्ही एकदम झालं असावं. "वन्सं, फोन आला हो... शांत झाल्या म्हणून..."

"झाले होते. मघाशी अंगातून कोणी करवत फिरवावी तसं होत होतं, मग औषध दिलं आणि झाले शांत. बरं, आणलीच आहेस तर दे ती शाल. थंडी वाजते आहे मला."

मी शाल पांघरली. तोवर बाहेर भाचा उठला होता, आणि आता भीतीची जागा रागाने घेतली होती. "कोणी केला फोन?" तो ओरडला. त्या बंद दाराबाहेरची माणसं वळून बघू लागली.

नवी सिस्टर पुढे आली. तिचा चेहरा वन्संपेक्षाही पांढरा. "मी केला."

"शांत झाल्या म्हणजे काय ते माहीत नाही तुम्हाला?"

"दुखायचं थांबलं... आमच्या घरी बाळ रडायचं थांबलं की शांत झालं म्हणतात."

"आणि आमच्याकडे माणूस गेला की म्हणतात!"

"तुम्ही 'कधी?' विचारलंत, मी 'आत्ताच' म्हटलं. तुम्ही त्रास झाला का विचारलंत, मी..." ती बोलता बोलता थांबली. आपण काय काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. तिने तोंडावर हात ठेवला.

दोघेही बरोबर, आणि त्यातच सगळा घोळ. आपल्या भाषेने एकच शब्द दोन्हीकडे वापरून ठेवलाय, त्याला ती पोरगी तरी काय करणार? पण भाचा ऐकायच्या पलीकडे गेला होता. त्याने फोन काढला. "एक चूक. ठरलं होतं. मी तिकडची गाडी बोलावतो."

खोलीतून वन्संचा आवाज नाही. मी वळून बघितलं. त्या शालीचं टोक मुठीत धरून दाराकडे बघत होत्या. ठरलं होतं तसं त्या गप्प होत्या, आणि ते गप्प राहणं बघवत नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतून मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. आपल्यामागे दार अलगद लोटलं, तिथल्या माणसांशी दोन शब्द बोलल्या आणि मग आमच्याकडे आल्या. नव्या सिस्टरने त्यांना काय झालं ते सांगितलं. मला वाटलं आता या म्हणणार, गैरसमज झाला, मनाला लावून घेऊ नका, आई ठीक आहेत ना, मग झालं तर. कोणीही तेच म्हटलं असतं.

त्या म्हणाल्या, "फोन लावायच्या आधी पूर्ण ऐकून घ्या. फोनची चूक झाली, ती आमचीच. पण आज याहून मोठी चूक झाली आहे, आणि ती तुम्हाला कळलेली नाही."

नवी सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. भाच्याचं बोट फोनवर तसंच.

"दुपारी तुमच्या आईंना जोरात दुखायला लागलं. त्यांनी दोरी ओढली, ही लगेच गेली. पण मधल्या दुखण्याचं औषध कुलपात असतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी त्या खोलीत होते, तिथले गृहस्थ शेवटच्या घटकेला होते, म्हणून मी आतून कडी लावली होती. हिने दार वाजवलं. मी आतून म्हटलं, थांब जरा. कशासाठी आली आहे ते विचारलं नाही. ही हळू बोलते, मला ऐकू आलं नाही, आणि मी दार उघडलं नाही. शेवटी मी दार उघडून किल्ली दिली, तोवर तुमच्या आईंना वाट बघावी लागली."

"किती?"

"फार. मी तुम्हाला लगेच म्हणाले होते. ते लगेच नव्हतं."

भाच्याने फोन खाली केला. "हे मला का सांगताय? मला तर कळलंही नसतं."

"तुमच्या आईंना कळलंय की. आणि त्या सांगितल्याशिवाय राहणार आहेत का? बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं." त्या हसल्या नाहीत हे बोलताना. "किल्ली आता एकीच्या खिशात राहणार नाही. दुसरी करायला माणूस पाठवलाय. आता तुम्ही ठरवा. हलवायचं असेल तर रस्त्यात दुखू नये म्हणून निघायच्या आधी काय द्यायचं ते मी बघते. आमची बाईही सोबत देते."

भाचा बाहेर गेला. मी त्याच्या मागे. तो त्या उखडलेल्या पायरीवर बसला होता.

"मामी," तो म्हणाला, "इतकी वर्षं लिफ्ट तपासतोय. मी पोचायच्या आधी लोक बिघाडावर नवा रंग मारून ठेवतात. एकानेही आजवर आपणहून सांगितलं नाही की साहेब, इकडे या, इथे दोर झिजलाय."

"मग?"

"मग काय? सांगितलं म्हणून दोर नवा होतो का? झिजलेला तो झिजलेलाच. त्यात माझी आई लटकत होती."

मला फक्त एवढं दिसत होतं की आत ती बाई मूठ आवळून बसली आहे. मी म्हटलं, "तू सगळ्यांना सगळं विचारलंस. तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार."

"ती गप्प आहे. कधी गप्प बघितली आहेस तिला?"

तो उठला आणि आत गेला. खाटेच्या कडेला बसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"दुखलं ना तुला?"

"दुखलं. खोटं कशाला बोलू? मरण बरं वाटावं इतकं दुखलं. त्या पोरीचा हात मी असा पिळला की बोटं सुजली तिची. ती रडत होती, पण हात सोडला नाही. मधूनच पळत जायची, दार वाजवून यायची, पुन्हा हात द्यायची."

"मग हलवतो तुला. तिकडे दुखणार नाही."

"दुखणार नाही, की कळणार नाही?" वन्सं म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, म्हणून तो आणखी जवळ सरकला. "इथे चूक झाली ती मी जागी असताना झाली. म्हणून मला कळली आणि तुला कळली. तिकडे झाली असती तर माझ्या झोपेत झाली असती. मग तू म्हणाला असतास, किती छान, एकही चूक नाही."

भाचा खाली बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. हिशेब करत होता, की नाक ओढत होता, कोण जाणे.

"आणि मला पुन्हा दुखलं तर मी ओरडणार," त्या म्हणाल्या. "ते तुला ऐकावं लागणार. तेवढं कर माझ्यासाठी. मी फार काही मागितलं नाही तुझ्याकडे."

तो म्हणाला, "ऐकेन."

फोन त्याने तिथेच, आईसमोर लावला आणि मोठ्या ठिकाणच्या माणसाला सांगितलं की खाट दुसऱ्याला द्या. मी बाहेर जाऊन त्या नव्या सिस्टरजवळ उभी राहिले. तिची बोटं खरंच सुजली होती. मी त्यावर बर्फ धरला. ती म्हणाली, "आजी, आता फोनवर काय म्हणू मी?" मी म्हटलं, "म्हण, दुखायचं थांबलं. साधं सोपं. आणि मोठ्याने म्हण."

भाच्याने मात्र विश्वास एका दिवसात टाकला नाही, टाकणाऱ्यातला तो नव्हेच. वेळी-अवेळी यायचा आणि न सांगता घंटेची दोरी ओढायचा. मोठ्या सिस्टर एकदा एकाच पायात सपात घालून धावत आल्या. बघतात तर हा. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "मधल्या दुखण्याचं औषध तुम्हालाच देऊ का थोडं?" तेव्हा वन्संना इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. पायरीही त्यानेच दुरुस्त करून दिली, सुट्टीच्या दिवशी, गुडघ्यावर बसून.

त्यानंतर वन्संना दोनदा तरी असं उसळून दुखलं. दोन्ही वेळा माणूस वेळेत आला. एकदा भाचा तिथेच होता. तो खोलीबाहेर गेला नाही. कान झाकले नाहीत. आईने त्याचा हात पिळला, आणि त्याने तो पिळू दिला.

पण आजार पुढे सरकत होता. अन्न जाईना, मग पाणीही चमच्याने. दोन औषधांमधली मोकळा वेळ आटत आटत गेला. एका सकाळी मोठ्या सिस्टर स्टूल घेऊन आल्या, पहिल्या दिवशी बसल्या होत्या तशा समोर बसल्या. भाचा आणि मी खाटेच्या दोन बाजूंना.

"आता दोन्ही जमत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, विचारीन म्हणून. औषध वाढवलं तर दुखणार नाही, पण झोप येईल, आणि बहुतेक बोलणं होणार नाही. आहे तसं ठेवलं तर बोलता येईल, पण दुखेल. तुम्ही सांगाल तसं. घाई नाही."

भाचा ताठ बसला होता. या वेळी त्याने काही म्हणजे काही सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर दिसत होतं की त्याला काय हवंय. त्याच्यासाठी ते किती अवघड होतं हे मी बघत होते.

वन्संनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाल्या, "वाढवा. पण जरा थांबून."

मोठ्या सिस्टर बाहेर जाऊन थांबल्या. वन्संनी आधी मुलाला जवळ बोलावलं. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम खिडकीशी गेले होते. शेवटचं तेवढं कानावर पडलं, कारण ते त्यांच्या जुन्या आवाजात होतं, "आणि कुठे कोणी रंग मारला असला तर खरवडून बघ." तो हसला आणि त्यांच्या पोटाजवळ डोकं टेकून बसला.

मग मला हाक मारली. "वहिनी, इकडे ये. मी आयुष्यभर बडबडले. तुला बोलू कुठे दिलं? आता तू बोल. मला झोप लागेपर्यंत मी ऐकते."

सिस्टर आल्या, औषध देऊन गेल्या. मी खाटेवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना काय काय सांगायचं राहून गेलं होतं, रागाचं, मायेचं. आणि आता तोंड उघडलं तर सुचेना. शेवटी मी सांगायला लागले की स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, प्लंबर दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा गळती नकोशा पाहुण्यासारखी परत आली, आणि आता खाली बादली ठेवली आहे, तिचा टपटप आवाज इतका की मला स्वतःचाच रेडिओ ऐकू येत नाही.

वन्संचे डोळे मिटत होते, पण ओठाचा एक कोपरा हलला.

"मग?" त्या म्हणाल्या.

मी पुढे सांगत राहिले.